चौथा खांदा
(पंडिता रमाबाईंच्या जीवनावरून शोक व सांत्वन ह्यांविषयी)

आपल्या मंडळीत कोणी देवाघरी गेले म्हणजे त्या दिवशी माणसांची वाण पडत नाही. पाळक येतात, वडीलमंडळी येतात, भगिनी मंडळाच्या बाया रात्रभर बसून गीते म्हणतात, पेटी उचलायला तरुण पुढे होतात. कोणी चहा करून आणतो, कोणी कबरस्तानात जाऊन खड्ड्याची व्यवस्था पाहतो. पुढे दोन-चार दिवस प्रार्थना होतात. मग ज्याचा तो आपल्या कामाला लागतो, आणि महिन्याभराने त्या घराचे दार वाजविणारे कोणी राहत नाही. खरे तर शोकाचे दिवस तेव्हाच सुरू झालेले असतात.

वाघोडियासारख्या गावी ही गोष्ट अधिकच जाणवते. येथील कारखान्यांत कामाला आलेली मराठी कुटुंबे आपल्या गावापासून दूर राहतात. कोणाची भावकी खानदेशात, तर कोणाची नाशिक-नगरकडे. घरात मृत्यू झाला म्हणजे नातेवाईक मिळेल त्या गाडीने येतात, दोन दिवस राहतात आणि रजा संपली की परत जातात. मागे उरते ती एखादी आई व तिची दोन लेकरे, नाहीतर एकटा म्हातारा. अशा घराशी मंडळीने कसे वागावे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला पंडिता रमाबाईंच्या चरित्राकडे पुन्हा वळावेसे वाटले.

रमाबाईंचे नाव आपल्या शब्बाथशाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्यांची विद्वत्ता, त्यांचे धैर्य, केडगावचे मुक्ति मिशन ह्यांविषयी आपण पुष्कळदा ऐकतो. पण हेच आयुष्य एका शोकग्रस्त स्त्रीचे आयुष्य होते, हे सहसा कोणी सांगत नाही. वयाची चोवीस वर्षे पुरी होण्यापूर्वी त्यांनी वडील, आई, बहीण, भाऊ आणि पती इतक्यांचे मरण पाहिले होते. पुढे त्रेसष्टाव्या वर्षी एकुलती एक मुलगीही गेली. अशा बाईने दुसऱ्यांचे अश्रू कसे पुसले, हे शिकण्यासारखे आहे.

आईची अंत्ययात्रा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. स्त्रीने संस्कृत शिकू नये असे मानणाऱ्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि त्यासाठी जातभाईंचा रोष सोसला. पुढे आईने तीच विद्या रमेला दिली. रमा काही महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटीत घालून तिला डोंगर उतरवून आणले होते. तेव्हापासून घर असे राहिलेच नाही. देवळांतून व नदीच्या घाटांवर पुराण सांगायचे, लोक देतील त्यावर राहायचे आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरायची.

होते नव्हते ते दानधर्मात संपले. दक्षिणेत उपासमारीचे दिवस आले. अन्नासाठी अंगमेहनत करण्याची कुटुंबाला सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. रानातली पाने खाऊनही त्यांनी दिवस काढले. १८७४ साली वृद्ध आणि डोळ्यांनी अधू झालेले अनंतशास्त्री निवर्तले. मरणापूर्वी त्यांनी संन्यास घेतला होता, म्हणून त्यांना पुरायचे होते. उचलायला कोणी येईना. अखेर मुलगा श्रीनिवास ह्याने वडिलांचा देह धोतरात बांधून एकट्याने वाहून नेला.

थोड्याच आठवड्यांनी आईही अंथरुणाला खिळली. तापाच्या भरात ती अन्न मागू लागली. सोळा वर्षांची रमा शेजारच्या एका बाईच्या दारी गेली, पण मागण्यासाठी तोंडातून शब्द निघेना, नुसते डोळे भरून आले. त्या बाईने भाकरीचा तुकडा तिच्या हाती दिला. रमा तो घेऊन परत आली. आईला मात्र आता तो खाण्याचीही शक्ती राहिली नव्हती.

आई गेल्यावर पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. स्मशान सुमारे तीन मैल दूर होते आणि तिरडीला चार माणसे हवी होती. पुष्कळ विनवण्या केल्यावर दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा श्रीनिवास. चौथे कोणी मिळेना, म्हणून रमा स्वतः पुढे झाली. ती ठेंगणी होती. तिचा खांदा इतरांच्या खांद्याला पोचत नव्हता, तेव्हा तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला आणि आईला स्मशानापर्यंत नेले.

ह्या प्रसंगापाशी वाचकांनी थोडे थांबावे अशी आमची विनंती आहे. त्या गावात माणसे नव्हती असे नाही. ही परकी कंगाल मंडळी कोण, कुठली, ह्यांना शिवावे की नाही, असा विचार करीत ती आपापल्या घरांत बसून राहिली होती. शेजारची एक बाई आणि ते दोन ब्राह्मण एवढीच काय ती सोबत त्या बहीणभावंडांना मिळाली. भाकरी देणाऱ्या बाईने काही उपदेश केला नाही. खांदा देणाऱ्यांनीही मृत्यूचा अर्थ समजावून सांगितला नाही. जे काम पुढे होते ते त्यांनी केले, आणि म्हणूनच रमाबाईंच्या आठवणीत ही माणसे राहिली.

पुढे काही महिन्यांत थोरली बहीणही गेली. उरली ती दोघे भावंडे. त्यांनी पायी चालत अवघा हिंदुस्थान पालथा घातला. पंजाबात झेलमच्या काठी थंडीसाठी पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून त्यांत गळ्यापर्यंत अंग पुरून ती निजत. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमेची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. नाव गाजू लागले, व्याख्याने होऊ लागली. आणि १८८० साली बंगालमध्येच श्रीनिवास मरण पावला. शेवटच्या आजारात आपल्या मागे बहिणीचे कसे होईल हीच एक चिंता त्याला होती.

सिल्चरहून पुण्यास

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे दोन्हीकडून बहिष्कार आला. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा ठेवले. बालविधवांसाठी एक शाळा काढावी असा बेत पतिपत्नी करीत होती. लूकच्या शुभवर्तमानाचे एक बंगाली पुस्तक रमाबाईंच्या हाती आले ते ह्याच घरात. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबूंना पटकी झाली आणि ते गेले. जेमतेम एकोणीस महिन्यांचा हा संसार होता.

आता ह्या बाईची स्थिती काय झाली ती पाहा. माहेरचे कोणी उरले नाही. सासरच्यांनी आधीच तोंड फिरविलेले. मांडीवर दहा महिन्यांची मुलगी. त्या काळी पती मेला तर तो पत्नीच्याच पापाचे फळ समजत. तिने केस काढावेत, एकवेळ जेवावे, कोणाच्या शुभकार्यात तोंड दाखवू नये, असा रिवाज होता. म्हणजे दुःखावर आधार देण्याऐवजी शिक्षा दिली जाई. रमाबाईंनी ही शिक्षा स्वीकारली नाही. मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. 'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तकही १८८२ सालचेच आहे.

त्यांनी दुःख गिळून टाकले व कामाला लागल्या, असे म्हणून आपण पुढे जाऊ नये. आपल्या मृतांना त्या विसरल्या नाहीत. अमेरिकेत असताना १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केला. तेरा वर्षांपूर्वी जिच्या तिरडीचा भार डोक्यावर वाहिला, तिचे नाव त्यांनी ग्रंथाच्या पहिल्या पानावर घातले. दोघांनी मिळून केलेला विधवांच्या शाळेचा बेतही त्यांनी पुढे एकटीने तडीस नेला. गेलेल्याचे नाव उच्चारणे आणि त्याचा चांगला हेतू पुढे चालविणे ह्याने मन दुखते हे खरे, पण ते सावरतेही. आपल्याकडे पुष्कळ घरांत मृताचे नाव काढले की कोणीतरी डोळ्यांनी दटावते. विधवेला आपल्या नवऱ्याविषयी बोलावेसे वाटत असते आणि भेटायला आलेले हवापाण्याच्या गोष्टी करीत बसतात.

इंग्लंडातील आघात व प्रश्न

१८८३ साली रमाबाई मनोरमेला घेऊन इंग्लंडास गेल्या. बरोबर आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या उतरल्या. परक्या देशात थोड्याच महिन्यांत ह्या आनंदीबाईंनी स्वतःचा जीव घेतला. रमाबाईंवर हा फार मोठा आघात होता. पती रोगाने गेला, आईवडील उपासाने गेले, पण हे मरण निराळे होते. अशा मरणानंतर मागे राहिलेले स्वतःलाच दोष देत बसतात आणि लोक दबक्या आवाजात बोलतात.

आपल्या मंडळ्यांतही असे प्रसंग येतात. तेव्हा काही जण प्रार्थनेला यायचे टाळतात, काही कुटुंबाची चौकशी करण्याच्या निमित्ताने कारणे शोधतात. आम्हांला वाटते की अशा घरी सर्वांत आधी जावे व सर्वांत कमी विचारावे. आज वैद्यकशास्त्र सांगते की मनाचा आजार हा शरीराच्या आजारासारखाच खरा आजार आहे. शोकात असलेले माणूस कित्येक आठवडे नीट जेवत नसेल, झोपत नसेल, किंवा आपणही जावे असे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. डॉक्टरांकडे नेल्याने विश्वासाला उणेपणा येत नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती झाल्यावर त्यांचे सर्व प्रश्न मिटले असे नाही. वाँटेजच्या भगिनींशी आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या मुख्य बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, त्यात त्या धर्मातील कठीण गोष्टींविषयी निर्भीडपणे प्रश्न विचारताना दिसतात. ख्रिस्ताची वैयक्तिक ओळख आपल्याला पुढे काही वर्षांनी पटली, असे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत सांगितले आहे. म्हणून शोकात असलेला विश्वासी देवाला का म्हणून विचारू लागला तर आपण दचकू नये. प्रश्न विचारणारा देवाशी बोलत असतो. त्याला गप्प करणे हे आपले काम नव्हे.

१८८६ च्या मार्चमध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या त्या डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी. पुढल्याच वर्षी फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यास क्षयाने गेल्या, त्यांच्या वयाला बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. रमाबाईंच्या मृतांच्या यादीत आणखी एका नावाची भर पडली.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. येथे शिकायला आलेली पहिली विधवा गोदूबाई. आठव्या वर्षी तिला वैधव्य आले होते. ज्याचा चेहराही नीट आठवत नाही अशा नवऱ्यासाठी तिने जन्मभर शोक करावा अशी लोकांची अपेक्षा होती. शारदा सदनात ती लिहायला वाचायला शिकली. १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. ह्याच पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या आणि हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी त्यांनी घरोघर हिंडून मदत गोळा केली. जिला आधार मिळाला तिने पुढे इतरांना आधार दिला, हे रमाबाईंच्या कामात पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

शारदा सदनावर वादळेही आली. मुली ख्रिस्ती होतात ह्या कारणाने १८९३ साली पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. ती हकीगत पुष्कळांनी लिहिली आहे, येथे आम्ही तिच्यात शिरत नाही.

दुष्काळातील पोरकी मुले

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी ही बातमी ऐकली तेव्हा रानात पाने खाल्लेले दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे आले. हातात पुरेसा पैसा नसताना त्या निघाल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायका त्यांनी वाचवून आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला, म्हणून ह्यांची सोय पुणे जिल्ह्यात केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर केली. प्रथम साध्या झोपड्या होत्या, मग इमारती झाल्या. १८९८ च्या सप्टेंबरात मुक्ति सदनाचे समर्पण झाले.

त्यानंतर पाळी आली गुजराताची. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९–१९०० साली, जो दुष्काळ पडला त्याला इकडे आजही छप्पनिया म्हणतात. गुजरात हा सुखी मुलूख, येथे दुष्काळ पडत नाही असा समज होता. पण पावसाने दगा दिला, गुरे मेली आणि उन्हाळ्यात पटकीची साथ पसरली. वाघोडिया हा तेव्हा बडोदे संस्थानातला तालुका होता. १८९१ च्या खानेसुमारीत संस्थानची लोकसंख्या २४ लाखांहून अधिक होती, ती १९०१ च्या खानेसुमारीत साडेएकोणीस लाखांवर आली. मधल्या दहा वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे घटली, आणि त्यातला मोठा वाटा ह्या दुष्काळाचा व त्याबरोबरच्या रोगराईचा होता. आपण ज्या भूमीत राहतो तेथील घराघरांतून त्या वर्षी प्रेते निघाली. कित्येक ठिकाणी उचलायलाही माणसे उरली नव्हती.

रमाबाईंनी आपल्या कार्यकर्त्या बाया गुजरातेत पाठविल्या. एक हजारांहून अधिक मुली व बायका तेथून केडगावास आल्या. त्यांची भाषा गुजराती, केडगाव मराठी मुलखातले. कोणाचे आईवडील डोळ्यांदेखत गेलेले, कोणाला आपले गाव सांगता येत नाही इतकी ती लहान. पुष्कळ मुली इतक्या खंगलेल्या होत्या की आल्यावरही वाचल्या नाहीत. त्यांना मूठमाती देण्याचे कामही केडगावच्या बायकांनाच करावे लागले.

ह्या मुलींचे सांत्वन कसे झाले? आधी स्नान, डोक्याला तेल, अंगावर धडके वस्त्र. उपाशी पोटाला एकदम जेवण सोसत नाही, म्हणून आधी पेज आणि मग थोडे थोडे अन्न. आजाऱ्यांसाठी वेगळी जागा. शारदा सदनातून आलेल्या थोरल्या मुलींनी ह्या नव्या मुलींची काळजी घेतली. ह्या थोरल्या मुलीही स्वतः विधवा, स्वतः घरादाराला मुकलेल्या. एरवी ज्यांना कोणी आई म्हणणार नव्हते त्यांच्या कुशीत ही पोरकी पोरे निजू लागली. देणारी आणि घेणारी अशा दोघींचेही दुःख त्यात हलके झाले.

मग शाळा व काम. विणकाम, शिवणकाम, शेती, दूधदुभते, तेलघाणा, छापखाना अशी अनेक कामे मुक्तीत चालत. अंध बायकांसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली व ती त्यांना शिकविली. कोणी नुसते बसून राहावे अशी जागा तेथे नव्हती, पण ज्याला बसण्याची गरज होती त्याला आधी बसू दिले जाई. ह्या क्रमाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. पहिल्या आठवड्यातच शोकग्रस्ताला धीट हो, कामाला लाग, मुलांकडे पाहून रडू आवर, असे सांगणे म्हणजे उपाशी माणसापुढे पंगतीचे ताट वाढण्यासारखे आहे. आधी पेज द्यावी लागते.

मनोरमा

रमाबाईंच्या उतारवयात मनोरमाबाई ह्या त्यांचा उजवा हात होत्या. इंग्लंड-अमेरिकेत शिकून त्या परत आल्या आणि आईच्या कामात पडल्या. आईचे कान अधू झाले होते, तेव्हा बाहेरचे पुष्कळसे काम ह्या करीत. गुलबर्ग्यास मुलींची शाळा त्यांनीच उभी केली. आपल्यामागे मनोरमा हे सगळे सांभाळील असे रमाबाईंना व सर्वांनाच वाटत होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेस मनोरमाबाई निधन पावल्या. त्या चाळीस वर्षांच्या होत्या.

बापाविना वाढविलेली, सिल्चरहून पुण्यास, पुण्याहून इंग्लंडास कडेवर नेलेली ही मुलगी. आई मागे आणि लेक पुढे गेली. ह्या दुःखाची समजूत कोणत्या शब्दांनी घालावी? रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. पण ह्या महिन्यांत त्यांनी दोन कामे केली. मुक्तीची धुरा न्यूझीलंडहून आलेल्या आपल्या सहकारी लिसा हेस्टी ह्यांच्याकडे जाईल अशी व्यवस्था लावली. आणि अनेक वर्षे चाललेले पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीतील भाषांतर पुरे करीत आणले. थोडेसे वाचता येणाऱ्या खेड्यातल्या बाईलाही समजावे असे हे भाषांतर असावे, ह्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या होत्या. मुक्तीच्या छापखान्यात बायकाच त्याचे खिळे जुळवीत.

५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाई प्रभूजवळ गेल्या. ज्या मुलीला आईच्या तिरडीसाठी चौथा माणूस मिळाला नव्हता, तिच्या अंत्ययात्रेला तिने वाढविलेल्या शेकडो लेकी होत्या.

आपण काय करावे

आता आपल्या मंडळीकडे वळू. रमाबाईंएवढे काम आपल्याकडून होणार नाही, पण त्यांच्या आयुष्यातून चार साध्या गोष्टी आपण घेऊ शकतो.

पहिली गोष्ट, शोकग्रस्ताला मागायला लावू नये. काही लागले तर सांगा, असे आपण दारातून म्हणतो व निघतो. रमेच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. त्या घरी डबा पोचवावा, मुलांना शाळेत सोडावे, गॅसचा नंबर लावावा, विमा, बँक व भविष्यनिर्वाह निधीचे कागद भरायला जाणत्या माणसाने सोबत जावे. कारखान्यात काम करणारा गेला म्हणजे ह्या कागदांसाठी त्याच्या पत्नीला किती खेपा घालाव्या लागतात, हे वाघोडियातील कुटुंबांना सांगायला नको.

दुसरी, खांदा देताना माणूस मोजू नये. मयत मंडळीत नियमित येत होता की नाही, त्याने लग्न कोणाशी केले होते, वर्गणी किती बाकी होती, हे प्रश्न त्या दिवशी निघता कामा नयेत.

तिसरी, विधवेला मागे उभे करू नये. आपण ख्रिस्ती म्हणवितो, तरी काही घरांत आजही लग्नात हळद लावायला विधवेला पुढे येऊ देत नाहीत आणि नवऱ्याची पेटी निघताना तिच्या बांगड्या फोडतात. मुलाच्या डोक्यावर अक्षता टाकण्याचा पहिला मान त्याच्या आईचा आहे, मग तिचा नवरा हयात असो वा नसो. ज्या रमाबाईंचा आपण अभिमान बाळगतो त्यांनी ह्याच रिवाजाशी आयुष्यभर झगडा केला.

चौथी गोष्ट शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी. वर्गातल्या मुलाचे वडील किंवा आई गेली तर त्याला खोटे सांगू नये. बाबा झोपले आहेत असे सांगितलेल्या मुलाला पुढे झोपेचीच भीती वाटू लागते. बाबा मरण पावले, ते आता परत येणार नाहीत, ते प्रभूच्या हाती आहेत, आणि आम्ही तुझ्याजवळ आहोत, हे त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगावे. तू चांगला वागला नाहीस म्हणून असे झाले, असा विचार पुष्कळ लहान मुलांच्या मनात येतो. तो दूर करावा. त्या मुलाला वर्गात नेहमीसारखे काम द्यावे, फळा पुसणे असो की गीताची पुस्तके वाटणे असो. आईवडिलांवर धडा असेल त्या दिवशी त्याच्याजवळ बसावे. मूल मध्येच खेळते, हसते, म्हणून त्याला दुःख नाही असे समजू नये. मुले दुःख थोडे थोडे करून सोसतात.

ह्याबरोबर तारखा लिहून ठेवण्याची सवय लावावी. प्रत्येक भगिनी मंडळाने व तरुण संघाने एक साधी वही करावी. मृत्यूचा दिवस, मग एक महिना, सहा महिने, वर्ष, पहिला नाताळ, पहिला पुनरुत्थानाचा सण. त्या त्या दिवशी दोघांनी त्या घरी जावे, अर्धा तास बसावे, गेलेल्या माणसाविषयी त्यांना बोलू द्यावे, एक लहानशी प्रार्थना करून यावे. शोकाला ठरलेली मुदत नसते. कोणी सहा महिन्यांत सावरतो, कोणाला दोन वर्षे लागतात, आणि सावरलेल्यालाही एखाद्या सणाच्या दिवशी पुन्हा भरून येते.

शेवटी ज्यांच्या घरी दुःख आहे त्या वाचकांस एक शब्द. तुम्ही आज रडत असाल तर रडा. घाई नाही. पण केव्हातरी दुसऱ्या एखाद्या घरी तशीच वेळ येईल. तेव्हा काय बोलावे हे कोणाला सुचणार नाही, आणि तुम्हांला मात्र काही न बोलता जाऊन बसता येईल. त्या दिवशी तुम्ही नक्की जा. आणि बाकीच्यांनी ह्या महिन्यात आपल्या मंडळीत कोणाचे दार बरेच दिवस वाजलेले नाही, हे आठवून तिकडे वळावे, अशी आमची नम्र विनंती आहे.